वेळेवर सुटलेलं विमान आणि हॉटेलचा साबण

आमचं विमान वेळेवर सुटलं आणि पोहोचलंही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. हे माझं म्हणणं नाही, कंपनीचं आहे. माझं म्हणणं एवढंच की त्या विमानात मी होतो, माझी बायको होती, आणि अर्धा दिवस आत बसून आम्ही जिथे चढलो तिथेच उतरलो. पण माझ्या म्हणण्याला घरात कोणी विचारत नाही, तिथे विमान कंपनी काय विचारणार!

मी शाळेत भूगोल शिकवतो. प्रवास म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणं, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो आणि मुलांनाही तसंच सांगत आलो. आता सांगताना जरा चाचरतो.

निघालो होतो साडूंच्या निरोप समारंभाला. साडू म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीचे यजमान. जन्मभर रेल्वेत, तेही गाड्यांच्या वेळा सांभाळायच्या खात्यात. घरात त्यांचं नाव ‘वेळापत्रक’. कोणी जेवायला बोलावलं तर यजमानांची आंघोळ व्हायच्या आत दारात उभे. मला ते ‘अरे मास्तर’ म्हणतात, मी त्यांना भाऊ म्हणतो, आमचं छान जमायचं. समारंभ संध्याकाळी आणि आमचं विमान दुपारचं, म्हणजे मध्ये तोंड धुऊन, कपडे बदलून, चहा पिऊन सभागृहात जाण्याइतका वेळ होता. भाऊ म्हणाले होते, “अरे मास्तर, रेल्वेने ये.” मी म्हटलं, “भाऊ, विमान लवकर पोहोचतं.” आणि वर माझी ती नको तिथे विनोद करायची खोड! म्हणालो, “भाषणं संपता संपता पोहोचलो तरी चालेल ना?” ते हसले. निदान फोनवर तरी हसल्यासारखं ऐकू आलं.

दारं बंद झाली. विमान थोडं मागे सरकलं, वळलं आणि लांब एका कोपऱ्यात जाऊन उभं राहिलं. कप्तान म्हणाला, थोड्याच वेळात निघतोय, फोन बंद ठेवा. बायकोने खिडकीशी बसून माझ्याकडून स्वतःचा एक फोटो काढून घेतला, मग आम्ही ठेवले. बाकीच्यांनी ठेवले नाहीत, पण आम्ही सांगितलेलं ऐकणाऱ्यांतले. मग पाणी आलं. मग पुन्हा थोड्याच वेळात निघणं आलं. मागच्या रांगेत एक बाळ आणि त्याचे वडील आळीपाळीने रडत होते. बायकोने बाहेरचं गवत पाहून घेतलं, मग झोपली, मग उठून मलाच विचारलं, “आलं का हो?” दिवस मावळल्यावर विमान वळून परत त्याच दारापाशी आलं. काय बिघडलं होतं ते आजतागायत कळलेलं नाही. ‘तांत्रिक’ एवढाच शब्द सगळे म्हणायचे, आणि तोही असा की पुढे विचारायची सोय नाही.

फोन चालू केल्या केल्या बायकोने ताईला लावला. ताईचा फोन पर्समध्ये, पर्स कोणाच्या तरी कपाटात, आणि कार्यक्रम ऐन रंगात. बऱ्याच उशिराने लागला तेव्हा ताई म्हणाली, “असू दे गं. सकाळी या.” आवाज जरा पडलेला होता, पण दिवसभराची दमलेली असेल. इथवर काहीच बिघडलं नव्हतं.

कंपनीने सकाळचं दुसरं विमान दिलं आणि रात्रीपुरतं हॉटेल. आता तुम्ही विचाराल, घर त्याच शहरात, मग हॉटेल कशाला? मीही विचारलं. बायको म्हणाली, “घरी जाऊन करायचं काय? दूध बंद केलंय, पाण्याचा कॉक बंद केलाय, फ्रिज रिकामा करून उघडा ठेवलाय आणि किल्ली शेजारच्या डॉक्टरीणबाईंकडे.” हे सगळं खरं होतं. पण खरं कारण वेगळं होतं. हॉटेल कंपनीच्या खर्चाने होतं, आणि आमच्या घरात फुकट मिळालेली गोष्ट सोडून घरी जाणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

त्या हॉटेलात साबण होते. छोटे, गुळगुळीत, कागदात गुंडाळलेले, कागदावर आणि साबणावरही हॉटेलचं नाव. बायकोने एक वापरला आणि उरलेले पर्समध्ये टाकले. यात गैर काही नाही. आमच्या न्हाणीघरात जगभरच्या हॉटेलांचे साबण आहेत, जिथे आम्ही कधी गेलोही नाही अशांचेसुद्धा. नातेवाईक आणून देतात.

सकाळच्या विमानाने साडूंकडे पोहोचलो. भाऊंनी हार दाखवले, शाल दाखवली, भेट मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. जेवलो, हसलो, दुसऱ्या दिवशी परत आलो. येताना बायको ताईच्या न्हाणीघरात एक साबण ठेवून आली. विसरून की मुद्दाम, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. ती म्हणते विसरले. मी म्हणतो, तू ताईला दाखवायला ठेवलास.

चार दिवसांनी भाऊंचा फोन आला. “मास्तरसाहेब,” ते म्हणाले. साहेब? “मास्तरसाहेब, आपण आमच्याकडे एक साबण विसरलात. आमच्या सभागृहाच्या अगदी समोर याच नावाचं हॉटेल आहे. खोल्या चांगल्या असाव्यात.”

मी म्हटलं, “भाऊ, तसलं हॉटेल इथेही आहे, विमानतळाशेजारी. त्यांच्या शाखा असतात.”

“असतील. मी आपलं विमान फोनवर बघितलं. कार्यक्रमाच्या दिवशीही बघत होतो, स्टेजवर बसून. ‘सुटलं, वेळेवर.’ थोड्या वेळाने ‘पोहोचलं.’ त्या दिवशी मला वाटलं, काहीतरी चूक असेल. आता साबण सापडला.” मग म्हणाले, “भाषणं आवडत नाहीत तर तसं सांगायचं होतं. समोर झोपून राहायची काय गरज होती?” आणि फोन ठेवला.

ऐका आता! आम्ही त्यांच्या गावात उतरलो, सभागृहासमोरच्या हॉटेलात खोली घेतली, भाषणं संपेपर्यंत ताणून दिली, आणि दुसऱ्या दिवशी जेवायला हजर झालो, असा त्याचा अर्थ. मी असं करेन? म्हणजे एखाद्या वेळी मनात येईल, पण बायको करू देईल?

पुरावा म्हणून मी विमानाचे पास शोधले. सापडले, आणि ते सापडले नसते तर बरं झालं असतं. सकाळच्या विमानाला नवे पास दिलेच नव्हते. जुन्याच पासांवर पेनाने एक खूण करून आत सोडलं होतं. त्यावर तारीख समारंभाची, वेळ दुपारची. खिडकीतला फोटो पाठवला तर भाऊंचं उत्तर आलं, “हे आमच्याच विमानतळावरचं गवत दिसतंय.” हॉटेलला विचारलं तर म्हणाले, त्या रात्रीच्या सगळ्या खोल्या कंपनीच्या नावावर होत्या, पाहुण्यांची नावं आम्ही सांगत नाही. डॉक्टरीणबाईंना साक्षीला घ्यावं, तर त्या म्हणाल्या, “छे, त्या रात्री तुमच्याकडे दिवाही नव्हता. मी खात्रीने सांगते, तुम्ही घरी नव्हतात.” त्यांना वाटलं त्या मदत करतायत.

मला काय, मी सहन केलं असतं. पण दोघी बहिणी रोज सकाळी फोनवर बोलायच्या. भाजी चिरता चिरता, फोन मीठदाणीला टेकवून. काय बोलायच्या देव जाणे. एकीने सांगायचं की आज कोबी आहे, दुसरीने सांगायचं की आमच्याकडे कालच झाला. ते बोलणं थांबलं. ताई फोन उचलायची, “हं, बरं आहे, ठेवते” म्हणायची. नवऱ्याचा अपमान झाला म्हटल्यावर बिचारी काय करणार? आमची ही कोबी चिरायची आणि मीठदाणीकडे बघत राहायची. मला म्हणायची, “तुमच्या त्या विनोदामुळे झालं हे.” मी म्हणायचो, “तुझ्या साबणामुळे.” असे आम्ही दोघं एकमेकांना धुऊन काढत होतो.

आमच्या खालच्या मजल्यावर एक वकील राहतात. आता निवृत्त आहेत, पण जिन्यात गाठून सल्ला देतात. सबंध वकिली त्यांनी शेताच्या बांधांच्या भांडणात घालवली, त्यामुळे कुठलंही प्रकरण असो, ते हद्दीवर नेतात. “विमानाने विमानतळाची हद्द ओलांडली का?” त्यांनी पहिला प्रश्न केला.

“नाही.”

“मग सुटलं नाही. साधी गोष्ट आहे.”

“ते कंपनीने लिहून द्यायला हवं ना. तसं पत्र मागू का?”

“पत्र?” वकील माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत राहिले. “मास्तर, पत्र मागणाऱ्याला कोणी कुत्रं विचारत नाही. भरपाई मागा. नुकसानभरपाई! भरपाई म्हटलं की कंपनी खडबडून जागी होते. आणि भरपाई दिली म्हणजे उशीर झाला हे सिद्धच झालं. साडूंच्या तोंडावर फेका.”

मला काही तोंडावर फेकायचं नव्हतं. पण विचार पटला.

कंपनीला फोन केला. तिथे आधी माणूस नसतो, यंत्र असतं. विमानाला उशीर झाला असल्यास अमुक दाबा. दाबलं. विमानाचा क्रमांक सांगितला. यंत्र म्हणालं, “आपलं विमान वेळेवर होतं. धन्यवाद.” आणि बंद. पुन्हा फोन करून ‘विमान रद्द’ दाबलं. “आपलं विमान रद्द झालेलं नाही. धन्यवाद.” असं दोन-तीन दिवस चाललं. शेवटी शेवटी धन्यवाद यायच्या आधीच मी ‘असू दे’ म्हणायला लागलो होतो. वकिलांनी लिहून दिलेला दावाही पाठवला, त्यावर ‘तक्रार निवारण अधिकारी फोन करतील’ एवढाच निरोप आला.

डॉक्टरीणबाई दातांच्या. त्या म्हणाल्या, “अहो, दुखतो तो दात सापडत नसला तर मी शेजारचा ठोकून बघते. सामान हरवलंय म्हणून दाबा. तिथे माणूस असतो.” दाबलं, आणि खरंच माणूस आला. मुलगी होती, फार गोड आवाज. मी तिला समारंभापासून साबणापर्यंत सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. मला वाटलं, चला, ऐकणारं कोणीतरी भेटलं.

“मग आपलं नेमकं काय हरवलंय, सर?”

“तसं बघितलं तर आमचे साडूच.”

“माणसं आमच्या विभागात येत नाहीत, सर. मला बॅगेचा रंग सांगावा लागेल, नाहीतर पुढचं पान उघडत नाही.”

ती एवढी अडलेली पाहून माझ्या तोंडून ‘लाल’ निघून गेलं. का निघालं ते विचारू नका. आमच्याकडे लाल बॅग नाही, कधी नव्हती. मग ती म्हणाली, “सर, आता आपल्याला तारे विचारतील. ते माझ्या नावावर पडतात.” आता तुम्हीच सांगा, कुणाची तरी लेक, नोकरीला लागलेली, तिला काय एक तारा द्यायचा? मी सगळे दिले. लगेच निरोप आला: ‘ग्राहक समाधानी. तक्रार बंद.’

पण बॅग आली! दोन माणसं घामाघूम होऊन वर घेऊन आली आणि माझी सही घेऊन निघूनही गेली. लालभडक, आमच्या टीपॉयपेक्षा मोठी. आमची नाही म्हणून ओरडेपर्यंत त्यांची गाडी वळलीसुद्धा. बायको म्हणाली, “हे काय आणलंत?” मी म्हटलं, “भरपाई मागतोय.” सोसायटीचे सेक्रेटरी येऊन तिच्याभोवती एक चक्कर मारून गेले आणि बेवारस वस्तूंबद्दलचा नियम सांगून गेले. वकील म्हणाले, हात लावू नका, ताबा सिद्ध होतो. डॉक्टरीणबाईंना ती उघडून बघायची होती. आम्ही तिच्यावर चादर टाकली, तर दिवाणखान्यात कोणीतरी झोपल्यासारखं दिसायला लागलं. येणारा जाणारा हळू आवाजात बोलायचा.

शेवटी शाळेत रजा टाकून, रिक्षात मी एका कडेला आणि बॅग उरलेल्या जागेत असा विमानतळावर गेलो. काउंटरवरच्या माणसाला म्हटलं, “ही माझी नाही.” तो म्हणाला, “पण आपली सही आहे.” म्हटलं, “सही माझी आहे, बॅग नाही.” हे त्याला समजावण्यात अर्धी सकाळ गेली. दुसऱ्याची बॅग चोरणारा ती परत द्यायला कशाला येईल, असं मी विचारलं, तेव्हा तो म्हणाला की तसेही येतात. पंचवीस तुकड्यांना भूगोल शिकवलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं! पण बॅग घेतली आणि मग माणूस जरा मऊ झाला. मी लगे हात विमानाचं विचारलं.

“सुटलं होतं, सर,” पडद्याकडे बघत तो म्हणाला. “दार बंद झालं, चाकं हलली, की सुटलं असं धरतात.”

“आणि पोहोचलं कसं?”

“विमान दारापाशी येऊन लागलं, दार उघडलं, की पोहोचलं.”

“अहो, पण कुठे पोहोचलं?”

त्याने पुन्हा पडद्यात पाहिलं. “इथेच. पण कुठे हा भाग वेगळ्या रकान्यात आहे, सर. तो बाहेर दिसत नाही. बाहेर फक्त पोहोचलं एवढंच दिसतं.”

“आणि सकाळचं विमान?”

“ते तर वेगळ्याच क्रमांकाचं. तेही वेळेवर.”

मी काउंटर धरून उभा राहिलो. दोन विमानं, दोन्ही वेळेवर, आणि मध्ये आमची एक सबंध रात्र कुठल्याच विमानात नाही. मग ती गेली कुठे? क्षणभर मलाच शंका आली की आपण खरोखर समोरच्या हॉटेलात तर झोपलो नव्हतो! तू तिथे नव्हतासच असं माणसाला इतक्यांदा सांगितलं, की आपण कुठे होतो हे त्याचं त्यालाच कळेनासं होतं.

त्या माणसाला माझी दया आली असावी. त्याने कोणाशी तरी बोलून मला भरपाई देऊ केली. खरंच! मानेखाली घ्यायची एक फुगवायची उशी, आणि सोबत छापील कार्ड. मी हर्षाने कार्डाचा फोटो काढून तिथूनच भाऊंना पाठवला. पाठवल्यावर वाचलं. ‘कोणताही उशीर झालेला नसताना, निव्वळ सदिच्छा म्हणून’ असं त्यावर छापलं होतं.

भाऊंकडून नुसता अंगठा आला. उभा अंगठा. त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

घरी येऊन बायकोला उशी दाखवली. तिने ती हातात घेतली आणि एकदम रडायलाच लागली. “मला नको भरपाई. माझी ताई माझ्याशी बोलत नाही हो! आई गेल्यावर मला आहे कोण ती सोडून?” मी इतके दिवस कंपनीशी भांडत होतो, वकिलांशी खल करत होतो, आणि घरात हे माणूस आतल्या आत झुरत होतं. म्हटलं, “ऊठ. आपण जाऊन सांगू. पाया पडू, साबणाची शपथ घेऊ, काय वाटेल ते करू.” या वेळी रेल्वेने गेलो. ती उशिरा पोहोचली, पण तसं तिने फलाटावर मोठ्या आवाजात कबूल केलं. मला त्या आवाजाला मिठी मारावीशी वाटली.

दार भाऊंनीच उघडलं. “यावं,” म्हणाले. एरवी ‘अरे ये ये’ म्हणणारा माणूस! आम्हाला समोरासमोर बसवलं, पाणी दिलं. कपाटात भेटवस्तूंच्या रांगेत, भिंतीवरचं घड्याळ अजून खोक्यातच होतं आणि त्या खोक्यावर बशीत तो साबण. दोघी बहिणी एकमेकींकडे न बघता सोफ्याच्या दोन टोकांना बसल्या.

“भाऊ, मी सगळं नीट सांगतो,” मी सुरुवात केली. “विमान सुटलं, पण सुटलं नाही. म्हणजे दार बंद झालं म्हणून सुटलं. आणि दार उघडलं म्हणून पोहोचलं. पण इथे नाही, तिथेच.”

“मास्तरसाहेब, आपण दमला असाल. पडा जरा.”

“भावजी, खरं सांगतायत हो ते,” बायको म्हणाली.

“मी कुठे खोटं म्हणतोय? विमान आपलं, आपण म्हणाल तसं.”

याहून वाईट काही असू शकत नाही. भांडणाऱ्या माणसाला समजावता येतं, मान डोलवणाऱ्याला काय करणार? मी घाम पुसला. तेवढ्यात माझा फोन वाजला. कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी. हे महाशय फोन करतील, कधी ते सांगता येणार नाही, असा निरोप मला येऊन किती दिवस झाले होते! मी तो बंद करायला गेलो आणि माझं बोट नको तिथे लागलं. अधिकाऱ्याचा आवाज खोलीभर घुमला.

“सर, आपल्या भरपाईच्या दाव्याचा निर्णय कळवायला फोन केलाय. आपला दावा पूर्णपणे फेटाळण्यात आला आहे.”

भाऊ छताकडे बघू लागले. पाहुण्याची फजिती बघू नये एवढी सभ्यता त्यांच्यात आहे. माझी मात्र लाज पार वेशीवर टांगली गेली होती. रडवेल्या आवाजात मी म्हटलं, “अहो, पण का?”

“उशिराची भरपाई उशिरा पोहोचलेल्या प्रवाशाला असते, सर. आपण त्या विमानाने पोहोचलाच नाहीत. ते विमान आपल्याच शहरात परत लागलं, आणि ती रात्र आपण तिथेच, विमानतळाशेजारच्या हॉटेलात काढलीत. आमच्या खर्चाने. जो गेलाच नाही त्याला उशीर कसा होईल?”

भाऊंनी छताकडची नजर खाली आणली.

“पुन्हा म्हणा,” मी म्हटलं. “जरा मोठ्याने म्हणा. कुठे काढली रात्र?”

“आपल्याच शहरात, सर. माझ्यासमोर नोंद आहे. त्यामुळे आपल्याला काहीही मिळणार नाही.”

“काहीही नाही?”

“काहीही नाही.”

“अहो, देव तुमचं भलं करो!” मी ओरडलोच. त्या बिचाऱ्याला अशा शुभेच्छा कोणी दिल्या नसाव्यात.

भाऊ उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. “द्या तो फोन इकडे,” म्हणाले. “नमस्कार. मी रेल्वेत होतो. गाडी फलाटावर परत आली तर आम्ही ‘पोहोचली’ लिहायचो नाही. तसं लिहिणाऱ्याला घरी बसवायचो. तुमच्या त्या एका शब्दावर विश्वास ठेवून मी माझ्या सख्ख्या माणसांना खोटं ठरवलं. मी! लोक मागे उभे होते, तरी पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या मी कोणाला देऊ दिल्या नाहीत. सगळे बोलत होते आणि मी त्या खुर्च्यांकडे बघत होतो. त्यानंतर महिनाभर माझ्या बायकोने तिच्या बहिणीला नीट फोन केला नाही. याची काय भरपाई देता ते बोला!”

“आपण कोण, सर?”

“मी साडू.”

“आपलं तिकीट होतं का त्या विमानाचं?”

“नाही.”

“मग आपला दावा नोंदवता येणार नाही, सर. क्षमस्व.” आणि फोन बंद झाला.

भाऊ फोन हातात धरून उभे राहिले. “नाही म्हणतोय,” ते म्हणाले. “तिकीट लागतं म्हणे.”

ताई पदर खोचून उठली. “लागणारच! इतके दिवस रुसून बसलात, तेव्हा कोणी मागितलं होतं तिकीट?” आणि बहिणीचा हात धरून, जवळजवळ ओढतच, तिला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

आम्ही दोघंच उरलो. भाऊंनी फोन माझ्या हातात दिला. मग बशीतला साबण उचलला, इकडे तिकडे बघितलं आणि कुठे ठेवावा ते न कळून खिशात टाकला.

“अरे मास्तर,” ते म्हणाले, “त्या दिवशी भाषणं फार रटाळ झाली. एकाने तर माझं नावच चुकवलं. तू नव्हतास तेच बरं झालं.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “नाही. बरं नाही झालं. तू हवा होतास रे.”

बोलायचं म्हटलं तरी ऐकू कोणाला जाणार होतं? आत दोघी बहिणी एकदमच बोलत होत्या, कोणी कोणाचं ऐकत नव्हतं, सबंध महिन्याचं साचलेलं होतं. जेवायला उशीर होणार हे उघड दिसत होतं. त्याबद्दल आम्ही दोघांनी कुठेही तक्रार केली नाही.